कापड ओढू नकोस

शिवणवर्गाच्या पहिल्याच दिवशी आमच्या बाईंनी माझ्या हातावर पट्टी टेकवून सांगितले होते, "कापड ओढू नकोस. मशीनला दाते दिलेले आहेत, ते नेतील." पुढची चाळीस वर्षे, साडीच्या फॉलपासून भाचवंडांच्या झबल्यांपर्यंत, मी हा नियम देवाच्या नेमासारखा पाळला. तो मोडायची वेळ एका टी-शर्टामुळे येईल, असे मला वाटले नव्हते.

भाचीने मोबाईलवर तो टी-शर्ट दाखवला. त्याचा खालचा काठ सरळ नव्हता. लेट्यूसच्या पानाच्या कडेला असतात तशा बारीक लाटा त्याला होत्या. "मावशी, याचे अकराशे सांगतात. तू तर पाच मिनिटांत करशील," असे म्हणून तिने आपला जुना, जाडसर सुती टी-शर्ट माझ्या मांडीवर टाकला. शिवता येणाऱ्या बाईचे आजवर जेवढे दिवस वाया गेले असतील, ते सगळे या 'पाच मिनिटां'पासूनच सुरू झालेले असतात.

कृती ऐकायला सोपी होती. झिगझॅगचा टाका अर्ध्या ते एक मिलिमीटर लांबीचा, म्हणजे जवळजवळ साडीच्या पिकोसारखा दाट ठेवायचा, आणि सुई चालू असताना काठ दोन्ही हातांनी ताणायचा. हात सोडला की ताणलेले कापड आखडू पाहते, पण काठावर एवढा दोरा बसलेला असतो की काठाला आखडता येत नाही. आतल्या कापडाला लहान व्हायचे असते, काठाला मोठेच राहायचे असते, आणि त्या भांडणातून लाटा पडतात. एकत्र कुटुंबात नांदलेल्या कोणालाही हे तत्त्व वेगळे समजावून द्यावे लागू नये.

पहिली अडचण सुईची आली. नेहमीच्या टोकदार सुईने मी शिवू लागले, तर टाके मध्येच गळू लागले, आणि दोन ठिकाणी फासा तुटून धागा शिडीसारखा वर उसवत गेला. होजिअरीचे कापड उभ्या-आडव्या धाग्यांचे नसते, ते एकमेकांत अडकवलेल्या फाशांचे असते. त्यात सुईने धाग्याच्या आरपार न जाता धाग्याला बाजूला सारून वाट काढायची असते. त्यासाठी गोलसर टोकाची सुई लागते. ती आणायला मी नाक्यावरच्या दुकानात गेले आणि "बॉल पॉइंट द्या" म्हणाले, तेव्हा दुकानदाराने निळे की काळे, असे विचारले. दोन वेळा खुलासा झाल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "बनियनची सुई म्हणा ना, काकू!" त्याने ७५/११ नंबरच्या पाच सुया दिल्या. त्यांतल्या तीन त्याच संध्याकाळी कामी आल्या.

कामी आल्या म्हणजे मोडल्या. ताण पुढच्या आणि मागच्या हाताने सारखाच द्यावा लागतो; मागचा हात जरा पुढारी झाला की सुई वाकते आणि खालच्या पत्र्यावर आपटते. त्याआधी मशीनने कापड खाल्ले ते निराळेच. सुरुवातीचे टोक पत्र्याच्या भोकात खेचले गेले आणि आत दोऱ्याचा गुंता होऊन बसला. ते टाळायला मी काठाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवली, म्हणजे शिवून झाल्यावर ती फाडून काढता येते. ती निघाली, पण सगळी नाही. डाव्या शिवणीजवळ दाट टाक्यांच्या आत 'पाणीपुरवठा बंद' एवढी अक्षरे पक्की अडकून राहिली, ती पुढे चिमट्याने एकेक करून उपटावी लागली.

खरा अडसर मात्र माझ्या हातांचा होता. मी कापड ताणायची, आणि सुई खाली आली की बोटे आपोआप सैल पडायची. बाईंची पट्टी अजून जिवंत होती. परिणामी पहिल्या फेरीत काठ असा सरळ आला की पाटबंधारे खात्याने कालवा आखायला न्यावा. सगळे उसवले. (दाट झिगझॅग उसवणे म्हणजे काय, हे ज्यांनी उसवलेले नाही त्यांना सांगून उपयोग नाही, आणि ज्यांनी उसवले आहे त्यांना आठवण करून देणे बरे नव्हे.) दुसऱ्या फेरीत मी दात ओठ खाऊन ओढले. आता काठ ताणला गेला, पण परत आलाच नाही. लाटांऐवजी तो भिजलेल्या पापडासारखा खाली लोंबू लागला.

शेवटी मी तो टी-शर्ट घेऊन आमच्या गल्लीतल्या पिको-फॉलवाल्याकडे गेले. त्याने काही विचारले नाही. कापड चिमटीत धरून आडवे ताणले, सोडले आणि थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले. "ताई, हे जातं, पण परत येत नाही. यात लायक्रा नाही. रीब आणा." मग त्याने टोपलीतून रीबचा, म्हणजे टी-शर्टाच्या गळपट्टीला लावतात त्या लवचीक कापडाचा, एक तुकडा उचलला, ओव्हरलॉकचा एक खटका फिरवला आणि तुकडा नुसता आत सोडला. त्या मशीनला दात्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची हळू आणि मागची जोरात चालवली की कापड आपले आपणच ताणले जाते. हाताने पाप करावे लागत नाही. अर्ध्या मिनिटात पलीकडून कोथिंबिरीच्या जुडीसारखा फुललेला काठ बाहेर पडला. "आमचा नवा पोरगा पहिल्या आठवड्यात सगळ्याच टी-शर्टांना असं करत होता," तो म्हणाला. "मी त्याला काढणार होतो."

त्या पोराला अमेरिका ठाऊक नव्हती, एवढाच त्याचा दोष. न्यूयॉर्कच्या स्टीफन बरोज या वेशकाराने १९७०च्या दशकात याच काठावर नाव काढले, आणि १९७३ साली व्हर्साय येथे फ्रेंच व अमेरिकी वेशकारांचा जो गाजलेला सामना झाला, त्यात अमेरिकेच्या पाच जणांत तो होता. एका बड्या संपादिकेने त्याच्याकडे 'लेट्यूस' मागितले ते रंगाच्या अर्थाने, आणि त्याने पानाच्या कडा दिल्या, अशी आख्यायिका सांगतात. म्हणजे त्याच्या शिवणवर्गात आमच्या बाई नव्हत्या.

त्या रात्री मन शांत करायला म्हणून मी एक साधे काम हाती घेतले. आमच्या ह्यांच्या फिरायला जायच्या टी-शर्टाचा काठ उसवला होता. मऊ, लायक्राचे कापड होते. मी ते जराही ओढले नाही. बाईंना स्मरून दात्यांच्या स्वाधीन केले. मशीनवर झिगझॅग तसाच दाट राहिला आहे आणि कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा दाबही मघाशी चिडून वाढवलेला आहे, हे मात्र मी विसरले. दिव्याच्या उजेडात काठाकडे नीट पाहिलेही नाही.

सकाळी तो टी-शर्ट घालून हे सारसबागेत फिरून आले. दारातच भाची उभी होती. तिने काकांच्या पोटाकडे बोट दाखवले आणि किंचाळलीच, "मावशी, अगदी हेच! अस्सं हवं होतं मला!" मी पाहिले. पुढून मागून, एका मापाच्या, ताज्या, कुरकुरीत लाटा. मी ओढले नव्हते, ते मशीनच्या पायाने दाबून ओढले होते.

तिने तो तिथल्या तिथे मागितला. पण हास्यक्लबातल्या दोघांनी तो कुठून घेतला म्हणून चौकशी केली आहे, त्यामुळे हे तो काढायला तयार नाहीत.