ग्रुपवर टिकायचं असेल तर धरण कुठंय ते विचारू नका

कोयनेचे दरवाजे उचलले अशी बातमी आली की सांगलीकरानं पहिलं काम काय करायचं, तर फोन चार्जिंगला लावायचा. सामान माळ्यावर टाकणं, गाडी विश्रामबागकडं नेऊन लावणं हे सगळं नंतर, आधी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हजेरी. तिथं कुणीतरी, बहुतेक पुण्यात राहणारा, एक ऑडिओ टाकतो, त्यात एक माणूस धापा टाकत सांगतो की माझा मेव्हणा पाटबंधारे खात्यात हाय, आत्ताच बोलणं झालंय, रात्रीतनं निघा. मेव्हण्याचं नाव नाही, तारीख नाही. तुम्ही विचारायची पण नाही. ऑडिओ २०१९ चा असला म्हणून काय बिघडलं, नदी तीच, मेव्हणा पण तोच.

मी एकदा चुकलो. आमच्या काकांनी टाकलं, "आलमट्टीत ५१९ मीटर पाणी साचलंय, आपली धोक्याची पातळी आयर्विन पुलाला फक्त ४५ फूट, धरण फुटलं तर सांगली गेली." मी आपला शहाणपणा करायला गेलो, की काका, ते ५१९ समुद्रसपाटीपासून मोजतात, पाण्याची खोली नव्हे ती, आणि आलमट्टी आपल्या खालच्या अंगाला, कर्नाटकात, कृष्णा इकडनं तिकडं वाहते, फुटलं तर पाणी पुढं जाईल, चढ चढून हरभट रोडला कशाला येईल. (आलमट्टीच्या फुगवट्यानं, म्हणजे मागं तुंबणाऱ्या पाण्यानं, आपल्याकडं पूर वाढतो का हे भांडण वेगळं, त्यात मी पडलो नाही, तिथं जाणकारांचंच एकमत होत नाही.) झालं. काकू म्हणाल्या, मोठ्यांना उलट बोलतोस. आत्तेभावानं विचारलं, तू इंजिनिअर हाईस का? मेव्हण्याला हे कुणी विचारलं नव्हतं. काकांनी ग्रुप सोडला, आणि त्यांना परत आणायला मिरजेला जाऊन दोन वेळा चहा प्यावा लागला.

संशय घ्यायचाच नाही असं नाही हां, घ्या की, पण योग्य जागी घ्या. पाटबंधारेवाले फूट-इंचात आकडा देतात ना, त्याच्यावर घ्या, "हे आकडे दाबतात राव." २०१९ ला आमच्या गल्लीत खरी सूचना द्यायला माणसं फिरत होती तेव्हा लोकं कट्ट्यावर बसून सांगत होती, २००५ ला पाणी त्या खांबापर्यंतच आलतं, काय होत नाही. आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं. मग कट्टा पण नाही दिसला आणि खांब पण नाही.

आणि मेसेजवर दोन बाण आणि "फॉरवर्डेड मेनी टाइम्स" दिसलं तर त्याला आयएसआय मार्क समजा, एवढ्या लोकांनी पाठवलंय म्हणजे खोटं कसं असेल. असला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असं बंधन कंपनीनं २०२० मध्ये घातलं, पण आपण कष्टाळू माणसं, एकेक करून पंधरा ग्रुपला पाठवू.

मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आला तर तर अजिबात थांबू नका, कुठलं गाव, कुठलं पोलीस स्टेशन असलं काही नको. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जत तालुक्यात, लवंग्यात, उत्तर प्रदेशातनं आलेल्या चार साधूंना लोकांनी असंच टोळी समजून काठ्यांनी आणि पट्ट्यांनी मारलं. पंढरपूरला निघालेले, एका पोराला रस्ता विचारला एवढंच. त्या मारहाणीचा व्हिडिओ मात्र खरा होता.

राहिला विनोद. तो करूच नका, निदान खाली "जोक आहे" असं लिहिल्याशिवाय. २०१९ ला कौलांवर बसलेल्या मगरीचा व्हिडिओ आला, होता तो बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातला, पण आमच्या ग्रुपवर तो दिवसभर सांगलीचाच होता. मी वैतागून लिहिलं, मगर आता आयर्विनवर आलीय, भडंगाच्या गाड्यासमोर लाईनीत उभी हाय, कांदा जास्त मागतीय. दोघं हसले. संध्याकाळी इचलकरंजीच्या आत्याचा मेसेज आला, "आयर्विन पुलावर मगर, एक जण गंभीर, भडंग खायला जाणाऱ्यांनी काळजी घ्यावी, जास्तीत जास्त शेअर करा." वर दोन बाण.

मी आत्याला फोन केला, म्हटलं ते मीच लिहिलंय. आत्या म्हणाली, "तू पण बघितलीस व्हय रं?"