मूर्ती परदेशात गेल्या ते ‘बरं झालं’ म्हणणाऱ्यांना

महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, त्यातला एक ग्रुप तर आमच्या भाऊबंदांचाच. मजकूर थोडक्यात असा: आपल्या जुन्या मूर्ती परदेशात गेल्या ते बरंच झालं, इथे लोकांनी शेंदूर फासून त्यांची वाट लावली असती, तिकडे त्या काचेत सुरक्षित आहेत. शेतात मूर्ती निघाली आणि सरकारला कळवलं तर शेत जातं, म्हणून गुपचूप विकणाऱ्याला नावं ठेवू नका. गेलेली वस्तू तशीही परत येत नसते. शिकलीसवरलेली माणसं हे पुढे पाठवतायत, म्हणून हे उत्तर.

आधी शेंदराचं. चैत्रात धुळ्या-जळगावकडून पायी सप्तशृंगगडावर जाणाऱ्यांना मी वेगळं काय सांगू? 2022 मध्ये देवीच्या अंगावरचा शेंदराचा जाड थर काढला, तेव्हा खालून मूळ मूर्ती तिच्या कोरीव कामासकट समोर आली. शेंदूर उतरवता येतो. चोराने पहार घालून उपटलेल्या मूर्तीचे पाय मात्र चौथऱ्यावरच राहतात. साक्री तालुक्यातल्या एका गावात निंबाच्या पारावर एक झिजलेला विष्णू उभा आहे. नाक गेलंय, एक हात कोपरापासून तुटलाय, चक्र तेवढं बोटाला लागतं. तिथे पाणी घालणाऱ्या आजीला विचारलं, हा कोण? म्हणाली, “आमना गावना देव शे तो.” विष्णू की आणखी कुणी, याच्याशी तिला कर्तव्य नाही. पण तो दगड एके सकाळी दिसला नाही, तर आठ वाजायच्या आत गावभर कळेल.

‘काचेत सुरक्षित’ हे तर खान्देशच्या माणसाने म्हणूच नये. अजिंठा आपल्या उंबऱ्यावर आहे. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने तिथे वर्षानुवर्षं बसून चित्रांच्या प्रती काढल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या, 1866 च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्सने तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने प्रती केल्या, त्यातल्याही बऱ्याच 1885 मध्ये लंडनच्याच संग्रहालयातल्या आगीत गेल्या. मूळ चित्रं, ओल आणि वटवाघळं सोसून, अजून लेण्यांत आहेत.

आता शेत जाण्याचं. ही भीती खरी आहे आणि तिची चेष्टा मी करणार नाही; पंचनामा आणि तहसीलच्या चकरा कुणाला हव्या असतात? पण 1878 चा निखात निधी कायदा मुळात काय म्हणतो ते बघा. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. शंभर वर्षांपूर्वीचं, कुणाचीच मालकी न ठरलेलं असेल, तर सापडवणाऱ्याचा हिस्सा तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाचा एक चतुर्थांश, दोघांत वेगळा करार नसेल तर. सरकारला ती वस्तू हवी असेल तर मोबदला देऊनच घ्यावी लागते. यासाठी शेत सरकारजमा करण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. उलट लपवलं की हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. गुपचूप विकणाऱ्याच्या हातात दलाल टेकवेल तेवढंच पडतं. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदनच्या देवळातून चोरलेला नटराज 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे 50 लाख अमेरिकी डॉलरला घेतला. ते पैसे न्यूयॉर्कच्या दुकानदाराला मिळाले, गावाला नाही.

आणि या मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही, ते मला सगळ्यात जास्त लागतं. वस्तू जागेवरून हलली की तिची साक्ष जाते. चाळीसगावजवळ पाटण्याच्या देवीच्या देवळात एक शिलालेख आहे, शके 1128 चा. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला दानं मिळाली, हे तो सांगतो. शेवटी जुन्या मराठीत पाटणच्या बाजारातल्या करांचा हिशेबही आहे. हा दगड कापून कुणाच्या दिवाणखान्यात गेला असता, तर ‘हे पाटण’ म्हणजे कुठलं, यावरच वाद घालत बसलो असतो. खान्देशाबाहेर, प्रवरेकाठी दायमाबादला 1974 मध्ये झाडाची मुळं खणताना कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा निघाले. सुदैवाने ते संग्रहालयांत पोचले. पण ते रीतसर उत्खननात, मातीच्या थरासकट मिळाले नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मग आपल्याकडे गुप्तधनाच्या नादाने रात्री जी पांढर, म्हणजे जुन्या गावठाणाची माती, उकरली जाते, तिथलं काय उरत असेल?

‘परत येत नाही’ हे साफ खोटं. तमिळनाडूतल्या पत्तूरचा नटराज लंडनच्या कोर्टात खटला जिंकून 1991 मध्ये आला. श्रीपुरंदनचा 2014 मध्ये आला, कारण पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटकडे त्याचे देवळातले जुने फोटो होते. साक्रीच्या त्या विष्णूचे मी चारही बाजूंनी फोटो काढले, शेजारी शाळेची पट्टी उभी करून, आणि गावाचं नाव व तारीख लिहून एक प्रत ग्रामपंचायतीत दिली. वीस मिनिटं लागली. तुमच्या पारावरच्या देवाचा असा फोटो कुणाकडे आहे?