दाढीतलं चीज आणि बोध

भाच्याच्या आठव्या वाढदिवसाला मी इंग्लंडमधल्या लीड्सहून सांगलीला रोआल्ड डालचं ‘द ट्विट्स’ हे मुलांचं इंग्रजी पुस्तक पाठवलं. चार दिवसांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वहिनीने लिहिलं, ‘ताई, नवऱ्याच्या ताटात गांडुळं घालणारी बायको! यातून मुलाने घ्यायचं काय?’ खाली काकांची री: मुलांच्या हाती संस्कार करणारीच पुस्तकं द्यावीत. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

म्हणून आमची जुनी प्रत काढून पुन्हा वाचली. १९८० चं पुस्तक, क्वेंटिन ब्लेकची चित्रं. मिस्टर ट्विट दाढी कधी धूत नाही. तिच्यात कॉर्नफ्लेक्स, हिरवं पडलेलं चीज, सार्डिनची शेपटी. जीभ लांब करून फिरवली की काहीतरी खायला सापडतंच. बायकोच्या काठीला खालून तो रोज रात्री नाण्याएवढ्या जाडीची चकती चिकटवतो आणि ‘तू आक्रसत चाललीयेस’ म्हणून तिला घाबरवतो. बोधच हवा तर तोही आहे: मनातलं वाईट हळूहळू चेहऱ्यावर उतरतं. पण माझा मुलगा त्या पानावर हसला नव्हता. तो हसला सार्डिनच्या शेपटीला, इतका की पांघरूण जमिनीवर.

इथे पुस्तक मिटल्यावर ‘काय शिकलास?’ असं त्याला कुणी विचारलं नाही. इयर टूच्या, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलांच्या वर्गाच्या, रीडिंग रेकॉर्डमध्ये बाईंनी लिहिलं होतं, ‘खूप हसला.’ बस. २०२३ च्या फेब्रुवारीत पफिन या प्रकाशकाने डालच्या पुस्तकांतले ‘फॅट’सारखे शब्द बदलल्याचं कळलं, तेव्हा असा गदारोळ झाला की मूळ मजकुराच्या आवृत्त्याही ठेवू, असं त्यांना आठवड्याभरात जाहीर करावं लागलं. मुलांच्या पुस्तकासाठी भांडावं तर असं.

‘तिकडे राहून बोलणं सोपं आहे,’ असं वहिनी म्हणेल. पण आम्ही तरी बोधासाठी कुठे वाचत होतो? भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं ‘ट्टॉक’ वाचलं की दादा आणि मी जीभ टाळूला लावून दिवसभर तेच करायचो, आई धपाटा घालेपर्यंत.

तो फेणे मी मुलालाही वाचून दाखवला. ‘ट्टॉक’ करून दाखवलं, फेणेचं गाव फुरसुंगी कुठे आहे तेही सांगितलं. त्याने शहाण्यासारखं सगळं ऐकून घेतलं. हसला मात्र नाही. त्या रात्री मला फार एकटं वाटलं. त्याचं हसू ज्या भाषेत आहे तिच्यात मी तिशीत आले. माझं ज्या भाषेत आहे ती त्याला समजावून सांगावी लागते.

ट्विट्स पाठवलं ते यासाठी. भाचा इंग्रजी शाळेत आहे, त्याला ते सहज वाचता येईल. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर दोघं भाऊ ‘हाय’ म्हणून गप्प होतात. एकदा तरी त्यांनी एकाच गोष्टीवर हसावं, एवढंच माझ्या मनात होतं. ग्रुपवर हे मला लिहिता आलं नाही, मी संस्कारांवरच वाद घालत बसले.

येत्या रविवारी वहिनीला विचारणार आहे. बाकीचं पुस्तक राहू दे, दाढीची पानं तेवढी वाचू दे त्याला. इथून माझा मुलगा वाचेल.