शुगर निघाली की पहिली कुऱ्हाड फळांवर!

घरात कुणाला शुगर निघाली की फळांची टोपली आधी रिकामी होते. चहासोबत बिस्किटं चालू, दुपारी भातावर भात चालू, संकष्टीला साबुदाण्याची खिचडी तर हक्काची. आणि पेरूची फोड पुढे केली की, "नको बाई, गोड असतो!"

अहो, 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात. तेवढ्याच पेरूत 14च्या आसपास, त्यातही पाचेक ग्रॅम नुसता चोथा, म्हणजे फायबर. या चोथ्यामुळेच फळातली साखर रक्तात सावकाश उतरते.

2017 साली चीनमधल्या सुमारे पाच लाख लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज ताजं फळ खाणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण कमी दिसलं. आधीपासून मधुमेह असलेल्यांचंही फळांनी वाईट झालेलं दिसलं नाही, उलट बरंच दिसलं. आता फळं खाणारा माणूस एरवीही जरा नीट राहत असणार, हे आहेच. पण फळ म्हणजे विष, ही भीती त्यात कुठेच बसत नाही.

ज्यूसचं मात्र वेगळं. ग्लासभर रसाला तीन-चार मोसंबी लागतात. एका बैठकीत चार मोसंबी सोलून कोण खातं? चोथा गाळणीत राहतो आणि साखर तेवढी पोटात जाते. पेशंटला भेटायला जाताना ज्यूसचे खोके नेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आंब्याचंही तेच. वाटीभर आमरस, वर चमचाभर साखर, सोबत पाच-सहा पुऱ्या, मग थोडा मसालेभात, आणि संध्याकाळी शुगर वाढली की नाव हापूसचं! एक पोळी कमी करून आंब्याच्या दोन फोडी खा, दोन तासांनी मीटरवर बघा. फळ जेवणावर चढवायचं नाही, जेवणातलं काहीतरी काढून त्या जागी घ्यायचं.

बीपीवाल्यांसाठी तर फळं जास्तच कामाची. त्यातलं पोटॅशियम शरीरातलं जादा सोडियम लघवीवाटे बाहेर काढायला मदत करतं. अमेरिकेत 1997 साली 'डॅश' आहाराची चाचणी झाली. भरपूर फळं-भाज्या, कमी फॅटचं दूध-दही असा तो आहार. बीपी असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी 11ने उतरला. एकट्या फळांचं हे श्रेय नाही, पण वाटा नक्की आहे.

आणि आपण काय करतो? गाडीवाला पेरूला चिरा देतो, बोटाने आत तिखट-मीठ चोपडतो आणि आपण म्हणतो, "भैया, थोडा और." जांभळाच्या द्रोणावरही मीठ. दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातलं निम्मं आपण कौतुकाने फळावर भुरभुरवणार!

जांभूळ खा, जरूर खा. पण बियांची पूड सुरू करून गोळ्या परस्पर बंद करणाऱ्या मंडळींना कोपरापासून नमस्कार. व्हॉट्सॲपवर डोस ठरवू नका.

एका बाबतीत मात्र खरंच जपा. किडनीचा त्रास असेल, रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनी नीट काम करते का, ते सांगणारा आकडा) वाढलेलं असेल, तर पोटॅशियम रक्तात साचतं आणि ते थेट हृदयावर येऊ शकतं. बीपीच्या टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनीही ते वाढू शकतं. अशांनी किती आणि कोणतं फळ, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. शहाळंही त्यातच मोजायचं बरं का, ते पाणी म्हणून सोडून देऊ नका.