ज्या हाताने लिहिता तो उजवा

पहिलीत आमच्या बाईंनी डावं-उजवं शिकवताना एकच सूत्र दिलं, "ज्या हाताने लिहिता तो उजवा." सगळ्या वर्गाला ते एका मिनिटात कळलं आणि मलाही कळलं, फक्त मी लिहायचो डाव्या हाताने, आणि बाई कशाला खोटं बोलतील! तेव्हापासून डोक्यात जो घोळ बसलाय तो आता चाळिशी आली तरी हलायचं नाव घेत नाही.

पहिला दणका पीटीच्या तासाला बसला. सरांनी "दाहिने मुड" म्हटलं, सगळी रांग एकीकडे वळली, मी दुसरीकडे, आणि मी नि शेजारचा पोरगा नाकाला नाक लावून उभे. प्रतिज्ञेला सगळ्यांचे उजवे हात पुढे आणि मधेच माझा एकट्याचा डावा, देश माझाच होता हो पण हात चुकीचा! पुढे कधीतरी कळलं की १३ ऑगस्टला जागतिक डावखुरा दिन असतो, १९७६ पासून. म्हणजे बघा, जगभर आमचं कौतुक चाललेलं असताना मी नेमका शाळेच्या मैदानावर, दोन दिवसांवर आलेल्या १५ ऑगस्टच्या संचलनाच्या सरावात चुकीकडे वळल्याबद्दल कान पिळून घेत असणार.

गंमत म्हणजे घरी आजीच्या धाकाने जेवायचो मात्र उजव्याच हाताने. बाईंनी "ज्या हाताने जेवता" एवढं म्हटलं असतं ना, तर माझं आयुष्य मार्गी लागलं असतं. आजीचा नियम साधा होता, तीर्थ-प्रसाद घ्यायचा आणि कुणाला पैसे द्यायचे ते उजव्याने, डाव्या हाताची कामं वेगळी. एका गणपतीत मी तिला दाखवलं की आजी बघ, बाप्पाची सोंड डावीकडे, मोदकही डाव्याच हातात, मग मलाच का? ती दोन मिनिटं मूर्तीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "त्याच्या चौदा विद्या झाल्यात, तू आधी तेराचा पाढा म्हण."

बेंचवर आमची वेगळीच लढाई. दोघांच्या बेंचवर डावखुऱ्याने डावीकडे बसावं हे साधं शास्त्र आहे, पण बाई उंचीप्रमाणे बसवायच्या आणि मी कायम उजवीकडे, त्यामुळे शेजाऱ्याचं उजवं कोपर नि माझं डावं कोपर दिवसभर एकमेकांना ढोसायची. वार्षिक परीक्षेपर्यंत त्याचं अक्षर माझ्यासारखंच झालं होतं.

आणि पाचवीत शाईपेन आलं! देवनागरी डावीकडून उजवीकडे लिहायची, म्हणजे उजव्या हाताचा माणूस शब्द मागे सोडून पुढे जातो आणि आमचा हात स्वतःच लिहिलेल्या ओल्या ओळीवरून पोछा मारत जातो. त्यात पेन ओढायचं सोडून ढकलावं लागतं, निब कागदात रुतते, टरकन आवाज येतो आणि शाईचा थेंब बरोब्बर जोडाक्षरावर. शिरोरेघ तर मी उजवीकडून डावीकडे मारायचो, तेवढीच पेन ओढायची मजा, पण तोपर्यंत खालची अक्षरं फासलेली असायची. करंगळीपासून मनगटापर्यंत तळहाताची कड निळी, शर्टाची बाही निळी, आणि एकदा तर शुद्धलेखनाचा अख्खा परिच्छेद माझ्या हातावर उलटा उमटला होता, वहीपेक्षा स्वच्छ. बाईंनी आईला बोलावून सांगितलं, "याला उजव्या हाताची सवय लावा." आईने आठवडाभर लावली पण. त्या आठवड्यातलं माझं अक्षर बघून बाईंनीच निरोप पाठवला, राहू दे, डावाच बरा!

कार्यानुभवाच्या कात्रीबद्दल काय बोलावं. ती कात्री डाव्या हातात धरली की पाती दाबली जायच्या ऐवजी एकमेकांपासून लांब जातात, कागद कापला न जाता मधे दुमडतो, वर कापायची रेघही पात्याआड लपते. मी केलेला आकाशकंदील बघून आजोबांनी प्रेमाने विचारलं होतं की हा पावसात भिजला का रे.

बरं, मराठी भाषाही आमच्या बाजूने नाही. कुणी चांगला असला की तो दुसऱ्यापेक्षा "उजवा", कुणाला बाजूला सारलं की "डावललं". आणि सोपं काम म्हणजे डाव्या हातचा मळ! माझ्या डाव्या हातावर शाईशिवाय कुठलाच मळ नव्हता आणि सोपं तर काहीच नव्हतं. वर्गात सगळे म्हणायचे अरे सचिन पण डाव्या हाताने लिहितो, हो लिहितो, पण बॅटिंग उजव्याने करतो ना, मला ते पण जमत नव्हतं.

आता शाई गेली, कीबोर्ड आला, तळहात स्वच्छ असतो. बाईंचं सूत्र मात्र आत पक्कं बसलंय. रिक्षात "साहेब, डावीकडे का उजवीकडे" असं विचारलं की मी मांडीवर बोटाने हळूच 'अ' गिरवतो, कुठला हात हलला ते बघतो आणि त्याच्या उलट सांगतो. परवा दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, गिरवायला हातच मोकळा नव्हता, पटकन "उजवीकडे" बोलून गेलो आणि मान मात्र डावीकडे वळली. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

"साहेब, तोंडाने सांगताय तिकडे जायचं का मान करताय तिकडे?"

म्हटलं, "मान. कायम मान."