उलट्या थांबल्या म्हणजे धोका टळला, हे खोटं आहे

"किरणोत्सर्ग झाला तर मिठाचं पाणी प्या, त्यातलं आयोडीन वाचवतं. उलट्या थांबल्या की धोका टळला. बाधिताला हात लावू नका, लागण होते." हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. तिन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि मधलं सगळ्यात घातक आहे.

आधी मीठ. अशा वेळी खरोखर देतात त्या पोटॅशियम आयोडाइडच्या, प्रौढांसाठीच्या गोळीत साधारण 100 मिलिग्रॅम आयोडीन असतं. आपल्याकडच्या मिठात किलोला किमान 15 मिलिग्रॅम. त्या हिशेबाने सहा किलोंहून जास्त मीठ पोटात जायला हवं! शिवाय ही गोळी वाचवते फक्त थायरॉइडला, तेही किरणोत्सारी आयोडीनपासूनच. 2010 साली दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात आलं ते किरणोत्सारी कोबाल्ट-60 होतं, आयोडीन नव्हे. तिथे गोळीचाही उपयोग नव्हता.

आता उलट्या. किरणांचा मोठा डोस बसला की काही तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. जितक्या लवकर, तितका डोस मोठा असण्याची शक्यता जास्त. मग एक-दोन दिवसांत त्या थांबतात, माणूस हिंडू-फिरू लागतो, घरचे निश्चिंत होतात. आत मात्र अस्थिमज्जेचं, म्हणजे हाडांतल्या रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाचं, काम कोलमडलेलं असतं. दोन-तीन आठवड्यांत केस गळतात, हिरड्यांतून रक्त येतं, ताप उतरत नाही. म्हणून पहिली उलटी किती वाजता झाली ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. पहिले दोन दिवस ठरावीक तासांनी रक्त काढून लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) किती झपाट्याने घटतात ते पाहतात. मधल्या बऱ्या वाटणाऱ्या दिवसांतच पुढची तयारी करायची असते: जंतुसंसर्गापासून जपणं, अँटिबायोटिक, प्लेटलेट, पांढऱ्या पेशी वाढवणारी फिल्ग्रास्टिमची इंजेक्शनं. घरी बसून हे दिवस घालवले, तर हीच संधी हातची जाते.

राहिली लागण. हा आजार सर्दीसारखा पसरत नाही. नुसते किरण अंगावर पडले असतील, तर रुग्णापासून कुणालाही धोका नाही. किरणोत्सारी धूळ अंगाला लागली असेल, तर ती मात्र दुसऱ्याला लागू शकते. ब्राझीलच्या गोयानियात 1987 मध्ये भंगारातल्या यंत्रातून किरणोत्सारी सीझियम-137 ची निळी चमकणारी पूड घरोघरी गेली आणि चार जण दगावले. त्यातल्या सहा वर्षांच्या मुलीच्या दफनाच्या वेळी जमावाने दगडफेक केली. भीतीपोटी माणसं इतकी निर्दय होतात, हे मला फार लागतं. अंगावरचे कपडे उतरवून पिशवीत बंद केले की बहुतेक धूळ निघते; उरलेली साबण आणि कोमट पाण्याने धुवायची. पोटात गेलेल्या सीझियमवर प्रशियन ब्लू हे ते शरीराबाहेर काढायला मदत करणारं औषध देतात. गोयानियात ते दिलंही होतं. जीव धोक्यात असेल, तर आधी उपचार, धुणं नंतर.