पायाला ऊब, डोक्याला ताप

बाथरूमचे नूतनीकरण निघालेच आहे, तर फरशीखाली हीटिंगची केबलही घालून घेऊ, असे घरात कोणीतरी म्हणाले आणि सर्वांनी माना डोलावल्या. वास्तविक टाइल ही खोलीतल्या हवेइतक्याच तापमानाची असते. ती तळपायातली उष्णता झपाट्याने ओढून घेते म्हणून गार लागते, आणि शेजारचे पायपुसणे तितकेच थंड असूनही उबदार भासते. हे शास्त्र मी घरात सविस्तर समजावले. ''मग तुम्ही टाइलवर उभे राहा, पायपुसणे मला द्या,'' या उत्तराने चर्चा संपली.

ही केबल जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची आणि प्लास्टिकच्या जाळीवर नागमोडी चिकटवलेली असते. चौरस मीटरमागे साधारण १५० वॅट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या शंभर वॅटच्या दीड बल्बाइतकी तिची ताकद. नखरे मात्र विजेच्या अख्ख्या उपकेंद्राला शोभावेत असे. जाळी कापून वळवता येते, पण केबल कापायची नाही. तिचे फेरे एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत. कमोडखाली आणि जमिनीला टेकलेल्या कपाटाखाली ती न्यायची नाही, कारण तिथे उष्णता कोंडते. अंथरून झाल्यावर तिच्यावर पाय पडता कामा नये, ही अट ज्याने घातली त्याने आमचे बाथरूम पाहिलेले नसावे, कारण त्यात भिंतीवर चालता आल्याशिवाय ती पाळणे शक्य नव्हते. मिस्त्रींनी शांतपणे पुठ्ठे अंथरले.

केबल अंथरण्यापूर्वी, अंथरल्यावर आणि टाइल बसल्यावर तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजायचा आणि आकडा लेबलवरच्या आकड्याशी जुळवायचा, असा नियम आहे. कारण तार तुटल्याचे नंतर कळले तर बसवलेली टाइल फोडावी लागते. नियमाला तीन वेळा पुरेशा असतील, मला नव्हत्या. मिस्त्रींची दातेरी थापी जमिनीला घासली, की वैद्याने नाडी धरावी तसा मी मल्टिमीटर लावून बसे, आणि ते हातातले काम थांबवून अत्यंत गंभीरपणे विचारत, ''साहेब, आहे ना अजून?'' पुढे कमोड बसवायला आलेल्या प्लंबरने ड्रिल बाहेर काढले, तेव्हा मी मोजपट्टी ठेवून काढलेले केबलचे फोटो घेऊन त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये उभा राहिलो. त्याने फोटो पाहिले, मग मला पाहिले, आणि भोके माझ्याकडून पेन्सिलने आखून घेतली.

खाली इन्सुलेशनचे बोर्ड, वर केबल, त्यावर चिकटद्रव्य आणि टाइल, अशा थरांनी जमीन उंचावली आणि दार उघडेना, तेव्हा सुताराने त्याचा तळ रंधून दिला. इलेक्ट्रिशियनने ३० मिलिअँपिअरची वीजगळतीही ओळखून वीज तोडणारे उपकरण बसवले. सगळे तयार झाले, आणि मग कळले की चिकटद्रव्य आपल्या गतीने पुरते वाळेपर्यंत बटण दाबायचे नाही. ते लवकर वाळावे म्हणून तर मुळीच नाही. अत्याधुनिक उष्ण फरशीवर सगळे कुटुंब मोजे घालून वावरू लागले.

आता थर्मोस्टॅट २८ अंशांवर असतो. फरशी तापायला वेळ लागतो, म्हणून कोण किती वाजता उठणार हे त्याला आदल्या रात्रीच सांगावे लागते, आणि त्यावरून रोज वाद होतो. तो मिटला तरी सकाळी आत गेलेले माणूस बाहेर येत नाही. दार ठोठावले तर आतून उत्तर येते, ''आत्ताच तर तापलीय!''